देवकुंडची वाट मध्यम आहे, ओढ्याचे पाणी नव्हे

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यातील एक कुटुंब ऑगस्टमधील एखाद्या शनिवारी रायगड जिल्ह्यातील भिऱ्याहून देवकुंड धबधब्यापर्यंत पायी जाऊन त्याच दिवशी परत येऊ इच्छिते. कुटुंबात ४८ आणि ४५ वर्षांचे दांपत्य, ११ वर्षांचा मुलगा आणि ६६ वर्षांचे सासरे आहेत. सर्वांना चालण्याची सवय आहे, डोंगराची मात्र फारशी नाही. जाहिरातींमध्ये या पदभ्रमणाला ‘मध्यम’ म्हटलेले असते, तर ते नेमके किती कठीण, सासऱ्यांना न्यावे की नाही, आणि कुंडात उतरता येईल का, असे तीन प्रश्न विचारले आहेत.

उत्तर आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढील विस्तार कोणत्या दिशेने आहे ते कळेल. ऑगस्टमध्ये जाऊ नये. दिवाळीच्या मागेपुढे, पाऊस पूर्णपणे परतल्यानंतर, शक्यतो आठवड्यातील कामाच्या दिवशी जावे. सासऱ्यांना अवश्य न्यावे. कुंडात कोणीही उतरू नये. या चारही गोष्टींचे मूळ एकच आहे, ते म्हणजे या वाटेची काठिण्यपातळी चढणीवर ठरत नाही, त्या दिवशी ओढ्यांना पाणी किती आहे यावर ठरते. तीच वाट नोव्हेंबरमध्ये शाळकरी मुले हसतखेळत पूर्ण करतात, आणि जुलै-ऑगस्टमध्ये तिथेच धडधाकट तरुण अडकून पडतात. जाहिरातदार मात्र दोन्ही वेळा तोच एक शब्द छापतात.

प्रथम चालण्याविषयी. देवकुंड हे माणगाव तालुक्यात, ताम्हिणी घाटाच्या पायथ्याला आहे. पुण्याहून पौड, मुळशी, ताम्हिणी घाट उतरून विळ्याजवळून पाटणूस-भिऱ्याकडे वळावे लागते. मुंबईकर मंडळी कोलाडहून सुतारवाडी-विळेमार्गे येतात. भिरा गाव सोडल्यावर वाट धरणाच्या जलाशयाच्या कडेकडेने जाते. हा पहिला टप्पा जवळजवळ सपाट, रुंद आणि उघडा आहे. सावली कमी असल्यामुळे येथे सकाळी लवकर चालून जाणे हेच शहाणपणाचे असते. त्यानंतर वाट झाडीत शिरते, चढ-उतार सुरू होतात, दोन-तीन ठिकाणी ओढे ओलांडावे लागतात, आणि शेवटच्या टप्प्यात मोठमोठ्या शिळांवरून, हात टेकत, पाय जपून टाकत कुंडापर्यंत पोहोचावे लागते. एका बाजूचे अंतर साधारण साडेपाच ते सहा किलोमीटर आहे. ओढे शांत असतील तर रमतगमत चालणाऱ्या कुटुंबाला जायला सव्वादोन ते अडीच तास पुरतात आणि परतायला त्याहून थोडे कमी.

श्रमाचा अंदाज पुणेकरांना समजेल अशा मापाने द्यायचा तर आतकरवाडीहून सिंहगडाची पायवाट सुमारे ६०० मीटर चढते. देवकुंडच्या वाटेवर एकूण चढण त्याहून पुष्कळच कमी आहे, अंतर मात्र अधिक आहे. म्हणून माझी कसोटी अशी आहे: निघण्याच्या तीन-चार आठवडे आधी सासऱ्यांसह एकदा सिंहगड चढून-उतरून यावे. चढताना दम लागला तर त्याची चिंता करू नये, थांबत-थांबत चढता येते. उतरताना आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघे काय सांगतात ते पाहावे, कारण देवकुंडच्या शेवटच्या टप्प्यात शिळांवरून खाली पाय टाकताना सगळा भार गुडघ्यांवरच येतो. गुडघे कुरकुरले तर सासऱ्यांनी झाडीतील ओढ्यापर्यंत यावे आणि शिळांच्या टप्प्याआधी कोणाच्या तरी सोबतीने थांबावे. तेवढ्यानेही त्यांचा दिवस सार्थकी लागेल. माझ्या मते या वाटेतील सर्वांत रम्य भाग धबधबा नसून त्याच्या अलीकडची ती झाडीच आहे, पण हे मत फार लोकांना पटत नाही.

आता पाण्याविषयी, आणि येथे मी जरा थांबणार आहे.

देवकुंडच्या वर जो घाटमाथा आहे, तो देशातील अतिपावसाच्या पट्ट्यांपैकी एक आहे. २५ जुलै २०२४ रोजी ताम्हिणीत २४ तासांत ५५० मिलिमीटरहून अधिक पावसाची नोंद झाली होती. हा पाऊस ज्या खडकावर पडतो तो दख्खनचा काळा बेसाल्ट आहे. तो पाणी फारसे शोषत नाही, आणि घाटाचा उतार तीव्र असल्यामुळे पडलेले पाणी थांबायलाही जागा नसते. पाणलोट लहान आणि उतार उभा अशी जोडी जमली की ओढा तासांच्या नव्हे, मिनिटांच्या हिशेबाने चढतो. त्यात आणखी एक फसगत आहे. पाऊस घाटमाथ्यावर कोसळत असतो आणि आपण खाली भिऱ्यात स्वच्छ उन्हात उभे असतो, त्यामुळे ‘आकाश मोकळे आहे, जाऊ या’ हा निष्कर्ष या दरीत लागू पडत नाही. आकाश पाहायचे तर डोक्यावरचे नव्हे, पूर्वेच्या कड्यांवरचे पाहावे. कडे ढगांत हरवलेले असतील आणि गडगडाट ऐकू येत असेल, तर ओढ्याच्या पलीकडे जाऊ नये.

पाणी चढू लागल्याच्या खुणा आधी दिसतात, पण त्या पाहण्याची सवय असावी लागते. ओढ्याजवळ पोहोचल्याबरोबर पाण्याच्या रेषेवरील एखादा दगड मनात धरून ठेवावा. त्याचा कोरडा माथा दहा मिनिटांनी ओला झाला तर पाणी चढते आहे. दुसरी खूण रंगाची आहे. नितळ पाण्यात चहासारखी तांबूस झाक आली की वर माती सुटली आहे असे समजावे. तिसरी खूण म्हणजे सुकी पाने, काटक्या आणि फेस यांचे पुंजके अचानक वाहत येऊ लागतात, कारण काठावर पडून राहिलेला कचरा चढते पाणी उचलून आणते. चौथी खूण कानाची आहे, पाण्याचा आवाज जड होतो, आणि त्यात तळाचे धोंडे एकमेकांवर आपटल्याचा दबका ठोका मिसळतो. यांपैकी एकही खूण दिसली तर चर्चा न करता ओढ्याच्या पात्रातून बाहेर, उंचावर जावे. अलीकडे असाल तर परत फिरावे. पलीकडे अडकलात तर तिथेच, उंचावर, कोरड्या जागी बसून राहावे. पाऊस थांबल्यावर असे छोटे ओढे सहसा काही तासांत उतरतात, आणि ते तास भिजत, कुडकुडत, वैतागत काढणे हे त्या प्रवाहात उतरण्यापेक्षा केव्हाही बरे. पाऊस चालूच राहिला तर मुक्कामही पडू शकतो, म्हणून दिवसाभराच्या चालीतसुद्धा सॅकमध्ये एक कोरडा कपड्यांचा जोड, खाण्याचा जादा डबा आणि विजेरी असावी.

ओढा ओलांडण्याबाबत माझा एक नियम आहे, आणि तो मी माझ्याबरोबर येणाऱ्या प्रत्येक गटाला पहिल्याच ओढ्यावर सांगतो. जातानाचे ओलांडणे ऐच्छिक असते, येतानाचे सक्तीचे असते. म्हणून सकाळी पाण्याकडे पाहून ‘आता जाता येईल का’ असे विचारण्यापेक्षा ‘यात आणखी वीतभर पाणी चढले तर सगळ्यांत लहान माणसाला घेऊन परत येता येईल का’ असे विचारावे. आपल्या कुटुंबात ते माप ११ वर्षांच्या मुलाच्या गुडघ्याचे आहे. वेगाने वाहणारे पाणी मुलाच्या गुडघ्याच्या वर असेल तर त्या दिवशीचा धबधबा तिथेच संपला. वडिलांच्या खांद्यावर बसवून मुलाला पलीकडे नेणे हा त्यावरचा उपाय नव्हे, कारण खांद्यावरच्या ओझ्याने वडिलांचा तोल जातो आणि पाण्यात दोघेही जातात.

प्रत्यक्ष ओलांडताना अरुंद जागेचा मोह टाळावा. दोन शिळांमधील अंतर कमी दिसते म्हणून माणसे तिथे उडी मारायला जातात, पण पात्र अरुंद असते तिथेच पाणी खोल आणि वेगवान असते. पात्र जिथे पसरट आहे, तळ दिसतो आहे आणि खालच्या अंगाला लगेच पाणी कोसळते असा कडा किंवा झाडाझुडपांचा गुंता नाही, अशी जागा निवडावी. बूट काढू नयेत. अनवाणी पाय धोंड्यांत अडकला की माणूस हमखास पडतो. सॅकचा कमरेचा आणि छातीचा पट्टा सोडून ठेवावा, म्हणजे पडल्यास ती झटकन टाकता येते. पाणी जिकडून येते त्या वरच्या अंगाला तोंड करून, काठी समोर रोवून, एका वेळी एकच पाय हलवत किंचित तिरके सरकावे. चौघांनी जायचे तर सर्वांत वजनदार आणि स्थिर माणूस वरच्या अंगाला उभा करावा आणि बाकीच्यांनी त्याच्या मागे, एकमेकांचे खांदे धरून एका रांगेत राहावे, जेणेकरून पाण्याचा जोर पहिल्याने फोडलेला असतो. दोर कमरेला बांधून ओलांडण्याची पद्धत अनेक ठिकाणी अजून दिसते. ती मोडून काढली पाहिजे. दोर ताणला गेला की प्रवाह माणसाला पाण्याखाली दाबून धरतो, आणि तेव्हा कमरेची गाठ सुटत नाही. काठाला आडवा बांधलेला दोर हाताने धरायला असेल तर धरावा, पण स्वतःला त्याला बांधून घेऊ नये.

हे सगळे वाचून ऑगस्टमध्ये काळजीपूर्वक जाता येईल असे कोणाला वाटेल, म्हणून कायद्याचे बोलतो. पावसाळ्यात देवकुंड आणि परिसरातील धबधब्यांवर प्रशासन बंदीचे आदेश काढत आले आहे. पूर्वी ते फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ खाली निघत, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १६३ त्यासाठी आहे. आदेश मोडला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २२३ खाली गुन्हा दाखल होऊ शकतो. शनिवार-रविवारी रस्त्यावर पोलीस उभे असतात, आणि ‘आम्ही लांबून आलो आहोत’ या सबबीला तिथे किंमत नसते. एखादा संयोजक बंदीच्या काळात आडवाटेने नेण्याची हमी देत असेल तर त्याच्या इतर कोणत्याही हमीवर विश्वास ठेवू नये. निघण्याच्या आदल्या दिवशी त्या दिवसापुरती प्रवेशाची स्थिती गावात किंवा माणगावच्या प्रशासनाकडे फोन करून विचारावी. समाजमाध्यमावरील गेल्या वर्षीच्या चित्रफितीवरून ठरवू नये.

बंदीवर नाराज होणारे पुष्कळ भेटतात. त्यांना मी २०२४ च्या जूनअखेरचा आठवडा आठवून पाहायला सांगतो. लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात ३० जूनला एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले, त्यांत मुले होती. पात्रातील खडकावर ते एकमेकांना धरून उभे होते आणि पाणी त्यांच्याभोवती चढत गेले. ताम्हिणीच्या प्लस व्हॅलीत त्याच सुमारास एका व्यक्तीने कुंडात उडी घेतली आणि प्रवाहाने तिला ओढून नेले. दोन्ही ठिकाणी पोहोचायला गिर्यारोहणाचे कौशल्य लागत नाही. चढण कठीण असती तर यांतील बरेच जण तिथवर गेलेच नसते.

याच ओघात कुंडाविषयी सांगतो. दोन्ही हात पसरल्यासारख्या कातळभिंती, मध्ये उंचावरून कोसळणारे पाणी आणि खाली निळसर-हिरवा डोह, असे देवकुंडचे दृश्य आहे. कुंडलिका नदीच्या उगमाचा मानही त्याला देतात. डोह शांत दिसतो, पण धबधब्याखालच्या डोहात पाणी सरळ वाहत नाही, ते फिरते. वरून आदळलेला झोत तळाशी जातो, तिथून बाहेरच्या बाजूला वर येतो आणि पृष्ठभागावरून पुन्हा झोताकडे ओढला जातो. पोहणारा माणूस झोताच्या जवळ गेला की या चक्रात सापडतो. शिवाय झोताखालचे पाणी फेसाळलेले, हवेने भरलेले असते. त्यात तरंगण्याचा आधार कमी मिळतो, म्हणून तलावात सराईतपणे पोहणाऱ्यालाही तिथे हातपाय मारून वर येता येत नाही. पाणी थंड असते आणि उन्हातून आल्याआल्या त्यात शिरल्यास श्वास अडखळतो. तळाशी किती खोली आहे आणि कोणत्या शिळा आहेत हे वरून कळत नाही, आणि दरवर्षीच्या पुरात ते बदलतेही. पाण्याबरोबर वरून दगड येऊ शकतो, हा आणखी एक मुद्दा; धबधब्याच्या थेट खाली डोके धरून उभे राहण्याची हौस मी तरी कोणालाही करू देत नाही. कुंडापासून खाली ओढ्यात जिथे पाणी घोट्यापर्यंत आहे आणि तळ दिसतो, तिथे मुलाने मनसोक्त भिजावे, वडिलांनी त्याच्या खालच्या अंगाला बसावे. दोर लावून मर्यादा आखलेली असेल तर ती सर्वांसाठी आहे, पट्टीच्या पोहणाऱ्यांसाठीही.

मग केव्हा जावे? कोकणातून मॉन्सून साधारण ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत माघार घेतो, आणि त्याआधीचा परतीचा पाऊस दुपारी विजांसह कोसळतो. त्यामुळे ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात जायचेच असेल तर दुपारी दोनच्या आत गावात परत पोहोचण्याचे वेळापत्रक पाळावे. ऑक्टोबरअखेर ते डिसेंबर हा काळ मला सर्वांत योग्य वाटतो. धबधब्याला तेव्हा भरपूर पाणी असते, ओढे उतरलेले असतात आणि डोहाचा रंगही तेव्हाच खुलतो. पावसाळ्यात तो गढूळच असतो, छायाचित्रांत दिसणारी निळाई हिवाळ्याची आहे. जानेवारी-फेब्रुवारीत धार बारीक होत जाते. मार्चनंतर जाऊ नये, कारण भिरा हे तीन बाजूंनी कड्यांनी वेढलेले, वारा न लागणारे ठिकाण आहे. २०१७ च्या मार्चअखेरीस येथे ४६.५ अंश सेल्सियस तापमानाची नोंद झाल्याने हे गाव देशभर बातम्यांत आले होते. जलाशयाकाठचा उघडा टप्पा तशा उन्हात धबधब्यापेक्षाही घातक ठरतो.

वेळेचे गणित असे मांडावे. पुण्याहून पहाटे पाचला निघून साडेसातपर्यंत भिऱ्यात यावे, आठला चालू लागावे. साडेदहाच्या आसपास कुंड येते. तिथे पाऊण तास, फार तर एक तास थांबावे. आणि घरून निघतानाच एक वेळ ठरवून टाकावी, उदाहरणार्थ सव्वाअकरा. तोपर्यंत कुंड आले नसले तरी जिथे असाल तिथून परत फिरायचे. ही वेळ आदल्या रात्री, पोट भरलेले असताना ठरवलेली बरी, कारण धबधब्याचा आवाज कानावर पडू लागल्यावर कोणीही ‘आता पाचच मिनिटे’ असेच म्हणतो. हिवाळ्यात सूर्य सहाच्या सुमारास मावळत असला तरी दरीत अंधार त्याच्या बराच आधी उतरतो.

गावातील वाटाड्या घ्यावा. येथे त्याची सक्ती असते, पण नसती तरी मी हेच सांगितले असते. वाट सापडण्यासाठी त्याची गरज कमी आहे. रात्री वर किती पाऊस झाला, काल कोणत्या ओढ्याला किती पाणी होते, कोणता साकव मोडला आहे, हे त्याला ठाऊक असते आणि आपल्याला नसते. ‘दादा, आज तुमच्या घरच्या पोरांना न्याल का?’ असा प्रश्न त्याला सरळ विचारावा. त्याने उत्तर द्यायला वेळ घेतला तर तेच उत्तर समजावे. वाटाड्याची फी ठरलेली असते, त्यावर घासाघीस करू नये. आणि निघतानाच गावातील एखाद्या घरी दुपारच्या जेवणाचे सांगून ठेवावे, म्हणजे परतल्यावर गरम पिठले-भाकरी मिळते आणि आपण किती वाजता परत येणार आहोत हे गावात कोणालातरी माहीत राहते. दुसरा फायदा अधिक मोलाचा आहे, कारण दरीत शिरल्यावर मोबाइलच्या रेंजचा भरवसा नसतो.

पादत्राणांबाबत लोक नको तेवढा खर्च करतात. उंच घोट्याचे, कडक तळाचे महागडे बूट ओल्या बेसाल्टवर उपयोगाचे नाहीत. मऊ रबरी तळाचे, बोटांखाली दगड जाणवेल असे बूट पकड देतात; सह्याद्रीत फिरणारे लोक वर्षानुवर्षे ‘ॲक्शन’चे बूट वापरतात ते याच कारणाने. तरीही शेवाळाचा विचार बुटाने नव्हे, डोळ्याने करावा. शेवाळ हिरवे दिसते तिथे माणूस आपोआप सावध होतो. घसरतो तो ओलसर, काळ्या, तुकतुकीत दगडावर, कारण त्यावरचा बुळबुळीत थर डोळ्याला दिसत नाही. खडबडीत, राखाडी, कोरडा माथा निवडून त्यावर पूर्ण पाऊल टाकावे, टाच आधी टाकू नये. जीन्स घालू नये, ती भिजली की जड होते आणि वाळत नाही. प्रत्येकी दोन लिटर पाणी, क्षारसंजीवनीची पाकिटे, गूळ-शेंगदाणे, शिट्टी, क्रेप बँडेज आणि सासऱ्यांची नेहमीची औषधे एवढे सामान पुरे आहे. ओढ्याचे पाणी कितीही नितळ दिसले तरी न उकळता, न गाळता पिऊ नये.

झाडीत साग, ऐन, किंजळ, जांभूळ, उंबर अशी ओळखीची मंडळी भेटतात. पावसाळा संपता-संपता वाटेवर कोळ्यांची मोठी जाळी पसरलेली असतात, सोनेरी झाक असलेल्या चिवट धाग्यांची, आणि मध्यभागी पंज्याएवढी काळी-पिवळी मादी डोके खाली करून बसलेली असते. ती काही करत नाही. काठीने जाळे न तोडता वाकून जावे. या जाळ्यांचा एक उपयोगही आहे. सकाळी आपल्या चेहऱ्याच्या उंचीवर वाटेत आडवी, अखंड जाळी एकापाठोपाठ एक लागू लागली तर त्या वाटेने आज कोणी गेलेले नाही, आणि देवकुंडसारख्या रहदारीच्या मार्गावर याचा अर्थ बहुधा आपण ढोरवाटेला लागलो आहोत असा असतो. ओढ्याजवळ माणसाने शीळ घालावी तशी लांब, सुरेल, मधेच भरकटणारी शीळ ऐकू आली तर शोधू नये, तो शीळकरी कस्तूर आहे. थोडा वेळ स्थिर उभे राहिले तर पाण्याकाठच्या दगडावर निळ्या-काळ्या रंगाचा पक्षी दिसतोही.

सापांची भीती बाळगण्यापेक्षा हात कुठे टाकतो याची काळजी घ्यावी. शिळांच्या टप्प्यात कपारीत न पाहता हात घालू नये आणि झुडपांच्या फांद्यांना आधारासाठी धरू नये. हिरवा चापडा फांदीवर हिरव्यातच मिसळून बसतो. दंश झालाच तर करकचून बांधणे, कापणे, चोखणे यांपैकी काहीही करू नये. त्या माणसाला चालवू नये, अवयव न हलता ठेवावा आणि उचलून बाहेर आणावे. माणगावला उपजिल्हा रुग्णालय आहे, तिथे गाठायचे. कड्यांवर आग्या मोहोळे असतात, म्हणून अत्तर, धूर आणि आरडाओरडा टाळावा. ध्वनिवर्धक घेऊन येणाऱ्या मंडळींपासून दूर राहण्याचे हे आणखी एक सबळ कारण आहे.

वाटेतल्या त्या जलाशयाविषयीही मुलाला सांगण्यासारखे आहे. वर मुळशी धरणात अडवलेले पाणी घाटातून खाली आणून भिऱ्याच्या जलविद्युत केंद्रात वीज तयार करतात. १९२० च्या दशकातील टाटांचा हा प्रकल्प आहे. मुळशीचे पाणी खरे तर पूर्वेला, भीमेकडे जाणारे होते, ते येथे पश्चिमेला वळवले गेले. त्या धरणाखाली जमिनी जाणाऱ्या शेतकऱ्यांनी १९२१ ते १९२४ या काळात जो लढा दिला तो मुळशी सत्याग्रह, आणि त्यातूनच पांडुरंग महादेव बापट हे सेनापती बापट झाले. वीज तयार करून सुटलेले पाणी कुंडलिकेत येते आणि कोलाडचे राफ्टिंग त्याच विसर्गावर चालते. जलाशयाची आणि नदीची पातळी त्यामुळे पाऊस नसतानाही बदलते. काठाच्या चिखलात किंवा खालच्या पात्रात मुलाला खेळायला सोडू नये.

पुष्कळ संयोजक अंधारबन आणि देवकुंड एकाच दिवसात जोडतात. पिंप्रीहून हिर्डीमार्गे भिऱ्यात उतरणारी अंधारबनची वाट स्वतःच सुमारे १३ किलोमीटरची आहे. तिच्या शेवटी, थकल्या पायांनी, दुपार कलल्यावर देवकुंडच्या शिळांवर जाणे मला मान्य नाही, आपल्या कुटुंबाला तर मुळीच नाही.

राहता राहिला ऑगस्टचा शनिवार. तो दिवस मोकळा ठेवलाच असेल तर सिंहगडाची ती चाचणी त्याच दिवशी, सकाळी सहाला, रेनकोट घालून उरकावी. निसरड्या वाटेवर सासऱ्यांची काठी आणि मुलाचे बूट दोन्हींची परीक्षा होईल. देवकुंडसाठी नोव्हेंबरमधील मंगळवार किंवा बुधवार आजच ठरवून मुलाच्या शाळेच्या सुट्टीशी जुळवून पाहावा, आणि त्या आठवड्यात बंगालच्या उपसागरात किंवा अरबी समुद्रात कमी दाबाचे क्षेत्र असल्याचा हवामान विभागाचा इशारा आला तर एक आठवडा पुढे ढकलावा. अडचण आल्यास ११२ हा क्रमांक आहे, पण तो लावण्यासाठी जलाशयाच्या मोकळ्या भागापर्यंत परत यावे लागेल हे धरून दोघांना पुढे पाठवण्याची तयारी ठेवावी, आणि त्या दोघांपैकी एक वाटाड्या असावा.